आहे तसं राहू दे

लिफ्टकाकांना बदल म्हटला की अंगावर काटा यायचा. रोजचा चहाचा कप फुटला तर ते दोन दिवस घुम्यासारखे बसत. नव्या कपाचा कान बोटांच्या ओळखीचा नसे, एवढंच कारण. बूट टाचेतून पार झिजले तरी नवे घ्यायला तयार नसत, आणि घेतलेच तर आठवडाभर ‘परक्याचे पाय घालून हिंडतोय’ म्हणून कुरकुरत. अशा माणसाला नोकरी मात्र अगदी स्वभावाला साजेशी मिळाली होती.

बाजारपेठेच्या कोपऱ्यावर एक पाच मजली दुकान होतं. खाली अत्तरं आणि छत्र्या, त्यावर कापडचोपड, मग मुलांचे कपडे नि खेळणी, मग भांडीकुंडी, आणि अगदी माथ्यावर दुकानाचा शिलाई विभाग. या सगळ्याला जोडणारी एकच लिफ्ट होती आणि ती काका चालवत. लाकडी खोली, जाळीचं सरकतं दार, कोपऱ्यात बिनपाठीचं स्टूल आणि भिंतीवर पितळी दांडा. दांडा डावीकडे नेला की वर, उजवीकडे नेला की खाली. ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मेख होती थांबवण्यात. वर जाताना दांडा जरा आधी सोडला की लिफ्ट मजल्याच्या खाली लटके, उशिरा सोडला की वर, आणि दोन्हीकडे गिऱ्हाईक ठेचकाळे. काकांच्या हाताला आतलं वजन कळायचं. त्यांची लिफ्ट थांबली की आतली फरशी बाहेरच्या फरशीशी अशी मिळे की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. मग ते ठरलेल्या आवाजात म्हणत, “मुलांचे कपडे, खेळणी. सावकाश उतरा.” दिवसभर वर-खाली करायचं आणि संध्याकाळी जिथून निघालो तिथेच पोचायचं. काकांना यापरतं सुख ठाऊक नव्हतं.

बायकोही त्यांना त्या लिफ्टमध्येच भेटली. ती वरच्या शिलाई विभागात होती. खालून कपडे घेऊन वर जाताना तिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे ती नुसती मान हलवायची. काकांनी कित्येक महिने तिला वर नेलं, खाली आणलं, आणि ही मुलगी किती शांत स्वभावाची आहे यावर भाळून लग्नाचं विचारलं. टाचण्या तोंडातून निघाल्यावर काय होतं ते त्यांना लग्नानंतर कळलं. पण तोवर उशीर झाला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांची काही तक्रारही नव्हती. दिवसभर घरात तिचा आवाज असायचा. त्याचीही त्यांना सवय झाली, आणि सवय झाली म्हणजे काकांच्या लेखी ती गोष्ट पक्की झाली.

दर रविवारी दोघं मुलीला घेऊन चर्चला जात. भिंतीलगतच्या खांबाजवळचं एक बाक त्यांचं ठरलेलं होतं. कोणी नवखं माणूस चुकून तिथे बसलं तर काका शेजारी उभे राहून इतका वेळ खाकरत, की ते माणूस आपणहून उठे. देवावर त्यांचा मनापासून विश्वास होता. दारू नाही, लबाडी नाही, नाकासमोर चालणारा माणूस. रोज सकाळी लिफ्टचं दार उघडण्याआधी ते पितळी दांड्यावर हात ठेवून डोळे मिटत आणि एक छोटीशी प्रार्थना करत. ती वर्षानुवर्षं एकच होती. “देवा, आहे तसं राहू दे.”

काकूला ही प्रार्थना माहीत होती. ती म्हणायची, “तुम्हाला देव नकोय, वॉचमन हवाय. त्याला दारावर बसवलंय नि सांगितलंय की काही हलू देऊ नकोस.” काका हसून सोडून देत. वॉचमन तर वॉचमन. राखण नीट चाललीय ना, मग झालं.

आणि बरीच वर्षं ती नीट चालली. मग एकेक करून गोष्टी हलू लागल्या.

आधी मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. त्याची तयारी काकांनी मनात केलेली होती, म्हणून ते निभावलं. मग दुकानाच्या मालकांच्या मुलाने लिफ्ट बदलायची ठरवली. नवी लिफ्ट बटणांची आली, पोलादी दाराची. तिला चालवणारा लागत नव्हता. ती कुणाचा हात न लागता मजल्याशी अचूक मिळे, आणि एका मुलीचा आवाज आतून मजले सांगे. काकांना तळमजल्यावर पुडकी बांधायच्या कामाला लावलं. पुडकी ते नीट बांधत, पण नवी लिफ्ट वर निघाली की दोरी धरलेला त्यांचा हात थोडा डावीकडे सरके. वर्षभरात त्यांनीच नोकरी सोडली.

घरी बसल्यावर त्यांना वाटलं, आता फार काही उरलं नाही हलण्यासारखं. घर आहे, काकू आहे, चर्चमधलं बाक आहे. एवढं राहिलं तरी पुरे. मग एका सकाळी काकूला जिना चढताना दम लागला आणि तो थांबेच ना. इस्पितळात तिला आत नेलं तेव्हा काका बाहेरच्या बाकावर बसले. दोन्ही मुठी घट्ट आवळून ते तीच प्रार्थना करत राहिले. लहानपणापासून आजवर देवाकडे जे जे मागितलं नव्हतं, त्या सगळ्याच्या बदल्यात हे एकच द्यावं असं त्यांनी त्याला परोपरीने विनवलं. दुपार टळायच्या आत डॉक्टर बाहेर आले, आणि त्यांच्या चालण्यावरूनच काकांना कळलं.

त्यांनी आकांत केला नाही. लोक भेटायला आले, त्यांना चहा दिला. दफनविधीत सगळ्यांबरोबर उभे राहिले. पण चर्चच्या पाळकांनी प्रार्थनेला माना लववायला सांगितलं तेव्हा काकांची मान तशीच राहिली. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. देव नाही असं त्यांना कधीच वाटलं नाही. तो आहे, फक्त त्याच्याशी आपलं बोलणं संपलं, अशा थराला ते गेले. एखाद्या घरात दोघं भाऊ एकाच ताटलीतला पाव खातात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, तसं.

चर्चला मात्र ते जात राहिले. पायांना रस्ता माहीत होता आणि बाक तिथे होतं. काकूची जागा मोकळी सोडून ते आपल्या जागी बसत, आणि गीतं चालू असताना लाकडाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहत. आणि मग एका रविवारी ते आत शिरले तर बाकच नाही. सगळ्याच बाकांना वाळवी लागली होती, दोन तर बसल्या बसल्या मोडली होती. नव्याने आलेल्या तरुण पाळकांनी ती काढून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. काका दारातच थबकले. पाळक लगबगीने समजवायला आले, तर काकांनी त्यांना बोलूच दिलं नाही.

“तुमच्या देवाला एक बाक सांभाळता आलं नाही,” ते म्हणाले.

पाळक म्हणाले, “बाक आमच्याच्याने सांभाळलं गेलं नाही, काका. वेळेवर औषध मारायला हवं होतं. ते देवावर नका ढकलू.”

उत्तर सरळ होतं, आणि म्हणूनच काकांना ते झोंबलं. ते वळले आणि पुन्हा त्या दारात गेले नाहीत.

मुलीला हे सगळं शेजाऱ्यांकडून कळलं. बाबा एकवेळच जेवतात, पडदे उघडत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. ती येऊन त्यांचं सामान बांधून त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. काकांनी विरोध केला नाही. विरोध करायला काहीतरी राखायचं असावं लागतं.

मुलीचं घर एका उंच इमारतीत नवव्या मजल्यावर होतं. घरात जावई होते, आणि जावयांची आई. ही विहीणबाई आयुष्यभर इस्पितळात नर्स होती, तीही बाळंतिणींच्या वॉर्डात. अंगाने आडवी, गुडघ्यांनी अधू आणि आवाजाने अशी की पलीकडच्या खोलीतलं माणूस दचकून उठावं. तिने आपल्या कपाटातले अर्धे खण काकांना रिकामे करून दिले आणि त्या बदल्यात त्यांच्यावर हुकूम चालवायचा हक्क घेतला. पहिल्याच जेवणाला सगळे टेबलाभोवती बसल्यावर ती म्हणाली की आज व्याह्यांनी प्रार्थना करावी. काका म्हणाले, घसा बसलाय. विहीणबाईंनी स्वतःच चार शब्दांत उरकून सूप वाढायला घेतलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारलं, तेव्हाही घसा बसलेलाच. पुढे पुढे तिने विचारणं सोडलं, पण एकदा पाव कापता कापता मान वर न करता म्हणाली, “व्याही, मी जन्मभर पेशंट बघितलेत. फक्त जेवणाआधी बसणारा घसा पहिल्यांदाच बघतेय.”

मुलगी खाली बघून हसली. काकांनी पाव चावायला घेतला.

इमारतीतली लिफ्ट काकांना नकोशी वाटायची. खाली उतरताना ते मुद्दाम जिन्याने जात. वर येताना नाइलाज होता. गंमत अशी की लिफ्टचं वावडं विहीणबाईंनाही होतं, पण वेगळ्या कारणाने. रक्त, टाके, आरडाओरडा, कशाला न घाबरणारी ही बाई बंद जागेला घाबरायची. दार मिटलं की कोणाचा तरी हात धरायची. गुडघ्यांमुळे जिना मात्र तिला बंद होता.

त्या दिवशी दुपारी तिला गुडघा दाखवायला जायचं होतं. मुलगी आणि जावई कामावर, म्हणून काका सोबत निघाले. लिफ्ट चार-पाच मजले उतरली, गचका देऊन मध्येच थांबली. मग दिवा गेला.

विहीणबाईंनी काकांची बाही इतकी घट्ट धरली की शिवण उसवल्याचा आवाज आला. काकांनी चाचपडत घंटीचं बटण दाबलं. खूप खाली कुठेतरी ती वाजली, आणि बऱ्याच वेळाने वॉचमन ओरडला की मेकॅनिकला बोलावलंय, येतोच आहे. तो किती वेळात येईल ते त्याने सांगितलं नाही.

“तुम्ही लिफ्टवाले ना,” विहीणबाईंचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. “करा की काहीतरी.”

काकांनी भिंतीवरून हात फिरवला. सगळीकडे गुळगुळीत पत्रा. ज्याला धरावं असं काहीच त्या भिंतीला नव्हतं. आपल्याला यातलं काही येत नाही असं त्यांनी कबूल केलं. तिला श्वास पुरेनासा झाला होता. त्यांनी तिला हळूहळू खाली बसवलं, स्वतःही शेजारी बसले.

“मग प्रार्थना तरी करा,” ती म्हणाली. “घसा बसलाय म्हणालात तर ढकलून देईन.”

“ढकलणार कुठे?” काका म्हणाले. पण तिला अजून धाप लागलेलीच होती, आणि ती त्यांना ऐकवेना. तिच्यासाठी म्हणून त्यांनी डोळे मिटले. इतक्या दिवसांनी तोंड उघडलं आणि जिभेवर जे वर्षानुवर्षं बसलेलं होतं तेच बाहेर आलं.

“देवा, आहे तसं राहू दे.”

अंधारातून विहीणबाई म्हणाल्या, “आहे तसं? हे असं? या डब्यात?”

काकांनाही तेव्हाच आपण काय बोललो ते कळलं. आधी ती हसली, मग त्यांना हसू फुटलं. दोघंही पत्र्याला पाठ टेकून पोट धरून हसली. आणि हसता हसता काकांचं हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं ते त्यांना समजलं नाही. काकू गेल्यावर ते पहिल्यांदाच रडत होते. बाहीला धरलेला हात आता त्यांच्या पाठीवर आला. इस्पितळात कित्येकींच्या पाठीवरून फिरलेला हात होता तो. काय करायचं ते त्याला सांगावं लागत नव्हतं.

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. दांड्यावर हात ठेवून रोज काय मागायचो ते, इस्पितळातल्या मुठी, वाळवी लागलेलं बाक. देवाने आपली फसवणूक केली असं वाटतं हेही सांगितलं. हे त्यांनी कुणालाच, स्वतःलाही, अशा शब्दांत सांगितलं नव्हतं. विहीणबाईंनी मध्ये बोलून त्यांना अडवलं नाही, हाच त्या दिवसातला चमत्कार म्हणायचा.

“माझे यजमान गेले तेव्हा तुमचे जावई रांगत होते,” शेवटी ती म्हणाली. “मी देवाशी भांडले. असं भांडले की विचारू नका. पण भांडायला समोर कोणीतरी असावं लागतं ना, व्याही. तो समोर होता. उठून गेला नाही. मला तेवढं पुरलं.”

काका विचारात पडले. आपण तर भांडलोही नाही. आपण पाठ फिरवून बसलो, आणि तो तिथे आहे की नाही ते वळून बघितलंच नाही. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी त्यांनी काही मागितलं नाही. तिला का नेलंस, एवढंच विचारलं. ते विचारताना आवाज चढला, तरी त्यांनी तो खाली आणला नाही. उत्तर आलं नाही. दिवाही लागला नाही. पण आपण भिंतीशी बोलत नाही, कोणाशी तरी बोलतोय, हे त्यांना इतकं स्पष्ट जाणवलं की ते बोलायचे थांबले आणि नुसते बसून राहिले. शेजारी विहीणबाईंचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला.

पुढे मेकॅनिक आला, लिफ्ट हलली आणि भलत्याच मजल्यावर जाऊन उघडली. गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ टळून गेली होती. घरी येऊन दोघांनी चहा घेतला. मुलगी संध्याकाळी आली तेव्हा बाबांची बाही विहीणबाई शिवत होत्या, आणि टाके वाकडे पडताहेत म्हणून काका त्यांना ऐकवत होते.

त्या रविवारी काका विहीणबाईंबरोबर उपासनेला गेले. तिच्या चर्चच्या मंडळीला स्वतःची इमारत नव्हती. एका शाळेचं सभागृह रविवारपुरतं मिळे. परीक्षा असल्या की तेही मिळत नसे, मग खाली जेवणघरात सगळे जमत. खुर्च्या कधी या तोंडाला, कधी त्या तोंडाला. काकांनी पहिल्या दिवशी खिडकीजवळची एक खुर्ची हेरून ठेवली होती. पुढच्या रविवारी ती खिडकीच पाठीमागे गेली. विहीणबाई म्हणाल्या, इथे जागा धरून ठेवायची सोय नाही, मिळेल तिथे टेका.

ते टेकले. आणि त्या परक्या खुर्चीवर, भिंतीवरच्या पाढ्यांच्या तक्त्याखाली, एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. प्रभुभोजनाच्या वेळी तोच प्रसंग सांगितला गेला जो ते जन्मभर ऐकत आले होते: प्रभूने हातात भाकर घेतली आणि आभार मानले. आपल्या पक्क्या बाकावर बसून त्यांनी तो कितीदा ऐकला असेल, पण ती क्रूसावरच्या मरणाआधीची शेवटची संध्याकाळ होती, याचा विचार कधी केला नव्हता. त्या जेवणानंतर काहीच आहे तसं राहणार नव्हतं. सोबती पांगणार होते. त्यानंतर बागेत प्रभूनेही आपल्या स्वर्गातल्या बापाला विनवलं होतं, हे मरण टळू दे म्हणून. आणि ते टळलं नव्हतं. तरीही त्याने बापाला सोडलं नाही, आणि बापाने त्याला कबरेत राहू दिलं नाही. काकांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. म्हणजे हा प्रभू माझ्यासारख्याच जागी बसलाय, त्यांना वाटलं. इस्पितळातल्या बाहेरच्या बाकावर, मुठी आवळून.

इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपण देवाला धरून आहोत. खरं तर त्यांनी धरलेलं असायचं बाक, दांडा, कप, काकूचा आवाज. देवाला फक्त त्या सगळ्याची राखण सांगितलेली होती. त्या रविवारी त्यांना हे लख्ख दिसलं, आणि थोडी लाजही वाटली. पण लाजेपेक्षा मोठा होता तो सुटकेचा भाव. इतकं सगळं गेलं, आणि ज्याच्याशी आपण बोलत नव्हतो तो गेला नव्हता.

याने काका एकदम बदलले असं मात्र कोणी समजू नये. नव्या बुटांची कुरकुर चालूच राहिली. काकूची आठवण काढून ते अजूनही मध्येच गप्प होत. पण घसा सुटला. जेवणाआधीची त्यांची प्रार्थना लांबत गेली, इतकी की सूप निवतंय म्हणून विहीणबाईंना आमेन जरा आधीच म्हणावं लागे.

वर्षा-दीड वर्षाने जावयांच्या नोकरीचं ठिकाण बदललं. पुन्हा नवं शहर, नवं घर. मुलीने ते बरेच दिवस बाबांपासून लपवून ठेवलं. शेवटी एका सकाळी वाटाणे सोलताना तिने धीर करून सांगितलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. काकांनी हातातली शेंग पूर्ण सोलली.

“घाबरायला झालंय मला,” ते म्हणाले. “पण ते होणारच. निघायचं कधी?”

मुलीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. बाबा घाबरलोय असं कधी म्हणाले नव्हते, आणि निघायचं कधी असंही नाही. तिने हात पुसले आणि त्यांना मिठी मारली. अर्धे वाटाणे जमिनीवर गेले.

त्या रात्री काकांना झोप नीट लागली नाही. त्यांनी देवाला सांगितलं की नव्या जागेची भीती वाटते, या वयात पुन्हा ओळखी करायचा कंटाळा येतो, आणि तू बरोबर चल. एवढं सांगून झाल्यावर आणखी काही मागावंसं त्यांना वाटलं नाही.

नवं घर तळमजल्यावर होतं, जरा ओलसर, मागे एक बेकरी. पहाटेपासून पावाचा वास यायचा. विहीणबाईंनी पहिले पंधरा दिवस ओलीला शिव्या दिल्या आणि मग भिंतीलगत स्वतःची खुर्ची मांडली. चर्च कुठे आहे ते काकांनी बेकरीवालीला विचारून शोधून काढलं आणि पहिल्याच रविवारी घरातल्या सगळ्यांना घेऊन गेले. तिथली गीतांची चाल वेगळी होती. काका चुकत चुकत गायले.

अलीकडे त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. डोळ्यांवर साऱ्याचा पडदा वाढतोय, शस्त्रक्रिया करता येईल की नाही हे डॉक्टर अजून ठरवताहेत. म्हणून सकाळी नाश्त्याआधी विहीणबाई त्यांना बायबलमधला शास्त्रपाठ वाचून दाखवतात, अर्थातच वॉर्डातल्या आवाजात. काकांनी दोनदा सुचवलं की मी आंधळा होतोय, बहिरा नाही. काही फरक पडला नाही.

मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावर राहणारी बाई दारात आली. ती एका कारखान्यात कामाला आहे, सकाळी लवकर निघते, कोणाशी फारसं बोलत नाही. काकांना वाटलं, आवाजाची तक्रार आली. त्यांनी आधीच माफी मागायला सुरुवात केली. बाईने त्यांना थांबवलं. ती म्हणाली की वर सगळं ऐकू येतं, आणि ती रोज चहा पिताना ऐकते. पण तिची बस लवकर असते.

“थोडं आधी सुरू कराल का?” तिने विचारलं. “मला शेवट ऐकायला मिळत नाही.”

काकांनी आत वळून विहीणबाईंकडे बघितलं. त्यांनी चष्मा शोधायला घेतलाच होता. दुसऱ्या दिवसापासून वाचन लवकर सुरू झालं.